लिहिलं स्वतः, चाल स्वतःची, गायलंही स्वतः. मग गाणं कुणाचं? पहिल्या अल्बमच्या आधी समजून घ्यायच्या गोष्टी

इन्स्टाग्रामवर हल्ली महिन्यातून दोन-तीन वेळा तरी अशी पोस्ट दिसते. काळं पोस्टर, गिटार किंवा पेटी घेऊन बसलेली एक तरुण मुलगी किंवा मुलगा, आणि खाली ओळ: गीत, संगीत, स्वर. तिन्हीपुढे नाव मात्र एकच. आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आई गाते, काका तबल्यावर, आणि आता घरातल्या तिसऱ्या पिढीचा हा 'पहिला अल्बम'. अमरावती, अकोल्याकडेही अशी घरं काही कमी नाहीत. आपण हार्टचं बटण दाबतो, पुढे जातो.

पण त्या एका ओळीत जरा थांबण्यासारखं आहे. आकाशवाणीवर गाणं लागायच्या आधी निवेदक तीन नावं सांगायचे. कवी अमुक, संगीतकार तमुक, आणि स्वर अमक्या-तमक्याचा. आपल्याला ती नुसती सवय वाटायची. खरं तर गाण्याच्या मालकीचा अख्खा हिशेब त्या तीन नावांत आहे, आणि चौथं एक नाव तिथे कधीच सांगितलं जायचं नाही. रेकॉर्ड कंपनीचं.

म्हणून प्रश्न असा, की गीत, संगीत आणि स्वर एकाच माणसाचे असतील तर गाणं पूर्णपणे त्याचं होतं का?

आपोआप होत नाही. कारण समजायला आधी मेहकरला जाऊ.

मेहकरच्या वकिलाची कविता

ना. घ. देशपांडे हे बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे. व्यवसायानं वकील, पिंडानं कवी. पुण्या-मुंबईपासून लांब राहून आयुष्यभर त्यांनी मोजकंच लिहिलं. 1986 साली 'खूणगाठी' या संग्रहासाठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण त्याच्या कितीतरी आधी, 1930च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी या तरुण गायकानं चाल लावून एचएमव्हीच्या तबकडीवर गायली. तोवर तबकड्यांवर मुख्यतः नाट्यपदं आणि रागदारी चालायची. कवीची साधी भावकविता, तिला साजेशी चाल आणि तीन-साडेतीन मिनिटांत संपणारं गाणं, हे नवीन होतं. मराठी भावगीताची सुरुवात या रेकॉर्डपासून मोजायची पद्धत आहे. जोशी पुढे एचएमव्हीतच नोकरीला लागले आणि त्यांनी कित्येक मोठ्या गायकांची ध्वनिमुद्रणं केली.

या एका गाण्यात तीन वेगवेगळ्या 'वस्तू' आहेत. देशपांड्यांचे शब्द, जोशींची चाल, आणि त्या दिवशी स्टुडिओत मेणावर कोरला गेलेला आवाज, म्हणजे ध्वनिमुद्रण. भारतीय कायदा या तिन्ही वस्तू वेगळ्या मानतो. शब्द म्हणजे साहित्यकृती. चाल म्हणजे संगीतकृती, आणि तिच्या व्याख्येत शब्द धरायचेच नाहीत असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. तिसरी वस्तू ध्वनिमुद्रण.

वेगळ्या वस्तू, म्हणून मुदतीही वेगळ्या. शब्द आणि चालीवरचा कॉपीराइट निर्मात्याच्या हयातीत असतो, आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे 60 वर्षं. ध्वनिमुद्रणाची मुदत मात्र ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. हे गणित 'शीळ'ला लावून बघा. ती तबकडी 1930च्या दशकातली, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क केव्हाच संपला. ना. घ. देशपांडे गेले 2000 साली. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 31 डिसेंबर 2060 पर्यंत वारसांकडे आहे.

थोडक्यात, ती जुनी खरखरती रेकॉर्ड आता कुणाच्या मालकीची राहिलेली नाही, पण त्या रेकॉर्डवर जे गायलं गेलंय ते मात्र अजून मालकीचं आहे. 'जुनं गाणं आहे, कुणीही गावं' असं म्हणणाऱ्यांचा गोंधळ नेमका इथे होतो.

'अल्बम' हा शब्द कुठून आला?

जाता जाता. 78च्या तबकडीवर एका बाजूला एकच गाणं मावायचं. लांब संगीत विकायचं तर चार-पाच तबकड्या लागायच्या, आणि त्या ठेवायला फोटोंच्या अल्बमसारखं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक यायचं. त्यावरून तबकड्यांच्या संचालाच अल्बम म्हणायला लागले. 1948 साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं लाँग प्ले तबकडी आणली, पुस्तक गेलं, नाव राहिलं. पुढे कॅसेट आली, सीडी आली, आता हातात धरायला काहीच नाही. तरी नाव तेच आहे.

बापाचं नाव मोठं, पण हिट गाणं दुसऱ्याचं

संगीताच्या घरातून आलेल्या कलाकाराचा पहिला अल्बम, यात जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे नोरा जोन्स. पंडित रविशंकर यांची ही मुलगी आईजवळ टेक्सासमध्ये वाढली. तिचा पहिला अल्बम 'कम अवे विथ मी' 2002 साली आला आणि 2003च्या ग्रॅमी सोहळ्यात तिला स्वतःला पाच पुरस्कार मिळाले.

त्या अल्बममधलं सगळ्यांच्या तोंडी बसलेलं गाणं 'डोन्ट नो व्हाय'. ते नोरानं लिहिलेलं नाही. ते जेसी हॅरिस या तिच्या साथीदाराचं. ग्रॅमीमध्ये दोन पुरस्कार ऐकायला सारखेच वाटतात: 'रेकॉर्ड ऑफ द इयर' आणि 'साँग ऑफ द इयर'. पहिला ध्वनिमुद्रणासाठी, दुसरा गाणं लिहिणाऱ्यासाठी. त्या रात्री याच एका गाण्यासाठी पहिला नोराला मिळाला आणि दुसरा हॅरिसला. शब्द-चाल एकीकडे आणि रेकॉर्ड दुसरीकडे, हा भेद याहून सोप्या पद्धतीनं कुणी समजावला नसेल.

दुसरं उदाहरण जेफ बकलीचं. वडील टिम बकली नावाजलेले गायक-गीतकार. जेफचा पहिला अल्बम 'ग्रेस' 1994 साली आला, आणि 1997 मध्ये तो गेला. हयातीत पूर्ण केलेला तेवढा एकच स्टुडिओ अल्बम. त्यातलं जगभर पोचलेलं गाणं 'हालेलुया', आणि तेही त्याचं नव्हे, लिओनार्ड कोहेनचं.

यात कमीपणा काहीच नाही. दुसऱ्याचं गाणं आपलंसं करून गाणं हीसुद्धा कलाच. पण 'सिंगर-साँगरायटर' ही पाटी वाचून आपण अख्खा अल्बम एकाच्या नावावर लिहून टाकतो. आत डोकावलं की चार नावं निघतात, आणि त्या प्रत्येकाचा पैशात वेगळा वाटा असतो.

अमरावतीचा कवी, मुंबईची चाल

आता परत वऱ्हाडात. सुरेश भटांचा जन्म 15 एप्रिल 1932चा, अमरावतीचा. वडील डॉक्टर, आईला कवितेची ओढ. लहानपणीच पोलिओनं एक पाय अधू झाला आणि मैदानी खेळ सुटले. घरात पेटी आली. भटांना सूर-तालाची चांगली जाण होती, मैफिलीत ते स्वतःच्या गझला स्वतः गाऊन सादर करायचे. नुसतं वाचणं नव्हे, सुरात म्हणणं. म्हणजे शब्द त्यांचे, म्हणण्याची धूनही त्यांची आणि आवाजही त्यांचाच. आजच्या भाषेत सिंगर-साँगरायटर म्हणायला काय हरकत होती?

पण महाराष्ट्रानं भटांना ऐकलं ते दुसऱ्यांच्या आवाजात. 'रूपगंधा' हा त्यांचा पहिला संग्रह 1961चा. तो मुंबईत जुन्या पुस्तकांच्या ढिगात आपल्या हाती कसा लागला, हा किस्सा हृदयनाथ मंगेशकरांनी अनेक कार्यक्रमांत सांगितलाय. तिथून भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल आणि लता-आशांचा आवाज अशी गाणी आली. 'सिंहासन' (1979) आणि 'उंबरठा' (1982) या चित्रपटांतून ती घराघरांत गेली. कविता वऱ्हाडातली, पण तिचं गाणं होण्यासाठी लागणारा स्टुडिओ, कंपनी, वादक सगळे मुंबईत. गाणारा कवी अशा वेळी नुसता 'कवी' होऊन बसतो. भटांच्या बाबतीत गाणी अप्रतिम झाली, यात वाद नाही. पण त्यांच्या स्वतःच्या गाण्याची छाप मागे पडली, हेही खरंच.

भट अजून एक काम करायचे. नव्यानं लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' ही छोटी पुस्तिका लिहिली. गावोगावच्या पोरांना ते ती पाठवायचे, त्यांच्या गझला तपासून पत्रं लिहायचे. आजच्या मराठी गझलेचा बराचसा वंश त्या पुस्तिकेपाशी जाऊन पोचतो.

त्याच मातीतले भीमराव पांचाळे. अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे. मराठी गझल हा स्वतंत्र गायनप्रकार म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर नेला. ते स्वतः चाल बांधतात, स्वतः गातात, शब्द मात्र सुरेश भट, इलाही जमादार अशा गझलकारांचे. म्हणजे तीनपैकी दोन टोप्या एका डोक्यावर. त्यांची मुलगी भाग्यश्री हीसुद्धा गझल गाते. संगीताचं घर म्हणतात ते असं.

तुकडोजींनी नाव कुठे लिहिलं होतं?

तिन्ही टोप्या एकाच डोक्यावर असलेला वऱ्हाडी माणूस शोधायचा तर फार लांब जायला नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. जन्म 1909चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. भजनं स्वतः रचायचे, स्वतः चाल लावायचे आणि हातात खंजिरी घेऊन हजारोंच्या गर्दीपुढे स्वतः गायचे. मोझरीच्या गुरुकुंजात त्यांची भजनं आजही रोज गायली जातात. अल्बम वगैरे काही नाही, पण 'गीत, संगीत, स्वर' याच्यापुढे एकच नाव.

आणि ते नाव कुठे असायचं? भजनाच्या शेवटच्या कडव्यात. 'तुकड्या म्हणे' किंवा 'तुकड्यादास'. ही नाममुद्रा म्हणजे 'तुका म्हणे', 'एका जनार्दनी'पासून चालत आलेली रीत. नाशिककडचे लोककवी वामनदादा कर्डकही शेवटी 'वामन' असं नाव गुंफायचे, शाहिरांचीही तीच तऱ्हा. गाणं कुणीही म्हणो, कुठल्याही गावात म्हणो, शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव उच्चारल्याशिवाय ते पूर्णच होत नाही.

आजच्या भाषेत हा मेटाडेटा. फरक एवढाच, की यूट्यूबच्या वर्णनातलं नाव कुणीही पुसू शकतं, रीलमध्ये ते येतही नाही. नाममुद्रा पुसायची तर गाणंच मोडावं लागतं. माझ्या मते आपल्याकडची ही सगळ्यात हुशार कॉपीराइट-व्यवस्था होती. तिच्यातून पैसे मात्र मिळायचे नाहीत, नाव तेवढं राहायचं.

कायद्याच्या हिशेबात तुकडोजी महाराज गेले 1968 साली. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरची मुदत 31 डिसेंबर 2028 ला संपते. त्यानंतर त्या कुणीही गाव्यात, छापाव्यात, रेकॉर्ड कराव्यात.

मग पैसे कुणाला मिळायचे?

बराच काळ उत्तर सोपं होतं: कंपनीला किंवा निर्मात्याला.

1977 साली सुप्रीम कोर्टात एक महत्त्वाचा खटला निकाली निघाला. एका बाजूला गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस, दुसऱ्या बाजूला चित्रपट निर्माते. कोर्टानं सांगितलं, निर्मात्यानं मोबदला देऊन चित्रपटासाठी गाणं करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क निर्मात्याचा. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आणखी एक खंत नोंदवली होती: ज्याच्या गळ्यामुळे गाणं जिवंत होतं, त्या गायकाला आपल्या कायद्यात जागाच नाही. ती जागा व्हायला 1994 उजाडलं. तेव्हा कुठे गायक-वादकांना 'सादरकर्त्याचे हक्क' मिळाले.

मधल्या काळात एकरकमी पद्धत चालली. गाणं द्या, पाकीट घ्या, सही करा. पुढे ते गाणं कॅसेटवर, सीडीवर, मोबाइलच्या रिंगटोनवर किती वाजलं, याच्याशी लिहिणाऱ्याचा संबंध नाही.

हे बदललं 2012 मध्ये. संसदेत जावेद अख्तर यांनी हा विषय लावून धरला होता. त्या दुरुस्तीनं काय केलं हे नीट वाचा, कारण पहिला अल्बम काढणाऱ्याला उपयोगी पडणारं कलम हेच आहे.

चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणात, म्हणजे आपल्या अल्बममध्ये, गीतकार आणि संगीतकार आपला कॉपीराइट कंपनीला देऊ शकतात. पण रॉयल्टीतला निम्मा वाटा मिळण्याचा हक्क ते देऊ शकत नाहीत, सोडूही शकत नाहीत. अपवाद फक्त कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट संस्था. करारात 'मी सर्व रॉयल्टी सोडत आहे' असं लिहून त्याखाली सही केलेली असली, तरी कायद्यापुढे ती ओळ टिकत नाही. चित्रपटगीतांनाही असंच संरक्षण आहे, फक्त थिएटरात सिनेमा दाखवताना गाणं वाजतं तेवढं वगळून.

गायकालाही व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा हक्क आहे. शिवाय, सगळं विकून टाकलं तरी 'हे मी लिहिलंय' असं म्हणण्याचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो. नाममुद्रेचा हा कायदेशीर अवतार म्हणता येईल.

तिसरी वस्तू: ध्वनिमुद्रण

इथे बहुतेक जण फसतात. शब्द लिहिणारा शब्दांचा मालक, चाल बांधणारा चालीचा. मग ध्वनिमुद्रणाचा मालक गाणारा? नाही. कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे 'निर्माता', ज्यानं ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. साध्या भाषेत, स्टुडिओचं बिल भरून सगळं जुळवून आणणारा.

समजा, अकोल्याच्या जठारपेठेतली एक मुलगी आहे. गाणी तिची, चाली तिच्या, आवाज तिचा. एका लेबलनं सांगितलं, 'खर्च आमचा, तू फक्त ये आणि गा.' ऐकायला छानच वाटतं. पण त्या क्षणी तिसरी वस्तू लेबलची झाली. ज्या रेकॉर्डिंगमुळे ती लोकांना माहीत होणार, ते आता तिला लेबलच्या परवानगीशिवाय दुसरीकडे टाकता येणार नाही. गाणं तिचंच, तर ती ते नव्यानं रेकॉर्ड करू शकते का? करारात तसं करायला बंदी नसेल तरच. टेलर स्विफ्टनं 2021 पासून आपले जुने अल्बम पुन्हा गाऊन काढले ते यामुळेच. शब्द-चालीतले हक्क तिच्याकडे होते, मूळ ध्वनिमुद्रणं दुसऱ्यांच्या हाती गेली होती.

त्याच मुलीनं घरचे पैसे घालून गावातल्याच छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं असतं, तर तिन्ही वस्तू तिच्या. पैसे वसूल होतील याची खात्री अर्थातच नाही. लेबल घेतं ती जोखीमही खरीच असते, त्यामुळे लेबलला सरसकट खलनायक करण्यात अर्थ नाही. सौदा काय होतोय ते कळून सही व्हावी, एवढंच.

व्हिडिओचं आणखी वेगळं. म्युझिक व्हिडिओ कायद्याच्या भाषेत 'चित्रपट'च असतो, मग तो मोबाइलवर शूट केलेला का असेना. त्याचा हक्क कुणाचा, हे वेगळं लिहून घ्यावं.

करारात काय बघायचं?

मुदत आणि प्रदेश. हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या देशांसाठी दिलेत ते करारात नसेल, तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत असं धरतो. म्हणूनच तयार मसुद्यांत 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असे शब्द हमखास असतात. (विश्वात! मंगळावरचे हक्कही लागतात यांना.) हे शब्द खोडून आकडा लिहायला सांगणं हा उद्धटपणा नाही.

हक्क घेतलेल्यानं एका वर्षात ते वापरलेच नाहीत, तर ते परत येतात. पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. अल्बम रेकॉर्ड होऊन कपाटात पडून राहिल्याच्या गोष्टी ऐकल्या असतील, त्यावर हा इलाज आहे.

पुढे निघणाऱ्या, आज अस्तित्वातच नसलेल्या माध्यमांचे हक्क नुसत्या 'सर्व हक्क' या शब्दांनी जात नाहीत. तसा स्पष्ट उल्लेख लागतो.

आणि तोंडी हस्तांतरण चालत नाही. लेखी हवं, सही हवी. कॉपीराइटची नोंदणी मात्र सक्तीची नाही, गाणं लिहून झालं की हक्क सुरू. तारखेसकटचा पुरावा हवा म्हणून नोंदणी केली तर चांगलंच.

आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे आणि 2017 पासून पुन्हा नोंदणीकृत कॉपीराइट संस्था म्हणून काम करते. गीतकार आणि संगीतकार तिचे सभासद होऊ शकतात. रेडिओ, कार्यक्रम, स्ट्रीमिंग यांतून आलेली रॉयल्टी ती वाटते. एक बारीक गोष्ट: सभासद म्हणून संस्थेला जे हक्क दिलेत, त्याच्या विरोधात जाणारं नंतरचं हस्तांतरण कायद्यानं रद्दबातल ठरतं. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी सभासद, मग लेबलची सही.

संगीताचं घर असलं की भानगड वाढते

घरात गाणं असणं हे वरदान आहेच. पाचव्या वर्षी पेटी हातात येते, ताल आपोआप कळतो. पण हिशेबाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: 'घरचंच तं हाये बाप्पा, कागद कायले लागते?'

लागतो. बघा कसं.

अल्बममधल्या एका गाण्याची चाल आजोबांची आहे. ते भजनी मंडळात वाजवायचे, ती त्यांनी बांधली होती. आजोबा 1990 मध्ये गेले असतील, तर त्या चालीवरचा हक्क 2050 संपेपर्यंत आहे, आणि मृत्युपत्र नसेल तर तो एकट्या वडिलांचा नाही. काकांचा आहे, आणि लग्न होऊन यवतमाळला गेलेल्या आत्याचाही आहे. 'पारंपरिक' असं लिहून मोकळं होणं सोपं पडतं, पण आजोबांची चाल पारंपरिक नसते. तसं लिहिलं की त्यांचं नाव आपणच पुसतो. सगळ्यांची लेखी संमती घ्यायची आणि श्रेयात आजोबांचं नाव टाकायचं.

आईनं मधल्या दोन ओळी बदलून दिल्या. त्या गीतकाराच्या की 'घरच्या'? काकांनी तबला वाजवला, मामेभावानं कीबोर्डवर मधलं संगीत रचलं. वादकही कायद्यानं सादरकर्ता असतो, त्यामुळे काकांनाही हक्क आहेत. मामेभावाचं काम फक्त वाजवणं होतं की चालीत भर घालणं, हे रेकॉर्डिंगच्या दिवशी ठरवणं सोपं असतं. गाणं चाललं की मग ते अवघड होऊन बसतं.

परदेशात यासाठी 'स्प्लिट शीट' नावाचा एका पानाचा कागद वापरतात. गाण्याचं नाव, तारीख, शब्दांत कुणाचे किती टक्के, चालीत कुणाचे किती, ध्वनिमुद्रण कुणाचं, आणि सगळ्यांच्या सह्या. वकील लागत नाही. सणासुदीला सगळे जमले की जेवणानंतर होऊ शकतं.

अपलोडच्या दिवशी

स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक यांच्यावर सहसा थेट गाणं टाकता येत नाही, मध्ये एक वितरक लागतो. तो वर्षाची फी घेतो किंवा उत्पन्नातला वाटा. त्याला फक्त वितरणाचा परवाना द्यायचा, मालकी नाही. अर्जात हे एका टिकमार्कवर ठरतं, म्हणून टिक करण्याआधी वाचायचं. गीतकार आणि संगीतकार हे रकाने वेगळे भरायचे, तिन्ही ठिकाणी आपलंच नाव असलं तरी. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकी क्रमांक मिळतो. तो नीट जपून ठेवायचा, वितरक बदलला तरी तोच वापरायचा.

अल्बमच्या जोडीला एखादं जुनं मराठी गाणं 'कव्हर' म्हणून घ्यायचं असेल, तर फक्त नाव दिलं म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झाली असतील तर कायद्यात कव्हर आवृत्तीची वेगळी तरतूद आहे, पण तिच्यात आगाऊ सूचना, आगाऊ रॉयल्टी आणि किमान 50,000 प्रतींचा हिशेब आहे. लहान कलाकाराला ते परवडत नाही. त्यापेक्षा मालकाची थेट परवानगी मागितलेली बरी.

आणि एखादा तुकोबांचा अभंग स्वतःच्या चालीत गाऊन टाकला, तरी यूट्यूबच्या यंत्रणेकडून एखाद्या कंपनीचा दावा येऊ शकतो. कारण मशीन आवाज आणि सूर जुळवून बघतं, कायदा बघत नाही. घाबरून व्हिडिओ काढून टाकू नका. शब्द मुदतीबाहेरचे आहेत, चाल आणि ध्वनिमुद्रण माझं आहे, असं लिहून हरकत नोंदवता येते. दावा करणाऱ्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात, आणि तेवढ्यात उत्तर आलं नाही तर दावा आपोआप सुटतो.